सारथी हवा, स्तुतिपाठक नको

(उद्योजकांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’ असा छापला आहे. आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचे क्लास आठवतात. शे-दोनशे माणसे हाताखाली असलेल्या उद्योजकाला या वयात पुन्हा क्लासला बसवायचे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. म्हणून प्रथम त्या शब्दाचे मूळ पाहू.

हंगेरी देशात कोच नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकात तेथे उत्तम घोडागाड्या बनत. गावाच्या नावावरून गाडीला ‘कोच’ हे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकाला गमतीने ‘कोच’ म्हणू लागले. तेथून हा शब्द खेळाच्या मैदानावर आला. १९७४ साली टिमथी गॉलवे या टेनिसच्या प्रशिक्षकाने एका पुस्तकातून असा विचार मांडला की, खेळाडूचा कठीण प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसतो, तो त्याच्याच मनात असतो. उद्योगजगताने तो विचार उचलला. विद्यापीठात फुटबॉल शिकविणारे बिल कॅम्पबेल पुढे स्टीव्ह जॉब्ज आणि गूगलचे एरिक श्मिट यांचे मार्गदर्शक झाले.

दोन सारथी

शब्द परका असला, तरी रथ आणि सारथी आपल्याला परके नाहीत. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी शस्त्र हाती न धरण्याचे ठरविले होते. धनुष्य अर्जुनाचे, बाण अर्जुनाचे आणि निर्णयही अर्जुनाचाच. सर्व उपदेश झाल्यावर भगवंत त्याला म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. मार्गदर्शकाची मर्यादा याहून स्पष्ट कोणी सांगितली आहे? जो तुमचा कारखाना स्वतः चालवू पाहतो, तो मार्गदर्शक नव्हे. तुमची दृष्टी स्वच्छ करून जो निर्णय तुमच्यावर सोडतो, तोच खरा सारथी.

परंतु त्याच युद्धात आणखी एक सारथी होता. शल्य हा निष्णात सारथी. तथापि कर्णाच्या रथावर बसून त्याने कर्णाचा तेजोभंगच केला. कौशल्य होते, सद्भाव नव्हता. आज मोठे शुल्क घेऊन व्यक्तिमत्त्व घडविणारे पुष्कळ भेटतात. त्यांची निवड करताना शल्याची आठवण ठेवावी.

छायेचा आणि घटिकेचा आसूड

कौटिल्याचे अर्थशास्त्र शतकानुशतके विस्मृतीत होते. १९०५ साली म्हैसूर येथे शामशास्त्री यांच्या हाती त्याचे हस्तलिखित आले आणि १९०९ साली ते छापले गेले. त्यात राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले आहेत. आय-व्ययाचा विचार केव्हा, प्रजेची गाऱ्हाणी केव्हा, स्नान-भोजन आणि स्वाध्याय केव्हा, हे ठरवून दिले आहे. ज्याला आपण आज वेळेचे व्यवस्थापन म्हणतो, ते हेच. आणि स्वतःच्या शक्तीप्रमाणे ही वाटणी बदलण्याची मुभाही आचार्यांनी दिली आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. राजाने काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष या सहा शत्रूंना जिंकावे. पण एवढ्यावर आचार्य थांबत नाहीत. राजाने आपल्यावर मर्यादा घालणारे आचार्य किंवा अमात्य नेमावेत. त्यांनी त्याला संकटाच्या जागेपासून आवरावे, आणि तो एकांतात प्रमाद करू लागला तर सावलीच्या व घटिकेच्या आसुडाने त्याला टोचावे. सत्ताधीशाने स्वतःहून स्वतःला टोचणारा माणूस ठेवावा, ही केवढी प्रगल्भ कल्पना!

मात्र ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून छाती फुगविण्यात अर्थ नाही. होते हे खरे. पण आज आपल्या कार्यालयात तो आसूड कोणाच्या हाती आहे?

माझी चूक

माझ्याकडे तो नव्हता, हे मी लपवणार नाही. २००७ साली माझ्या छोट्या कारखान्यात मी कर्ज काढून दोन नवी यंत्रे घेतली. बहुतेक काम एकाच ग्राहकाचे होते. पुढच्या वर्षी मंदी आली, त्या ग्राहकाने मागणी थांबविली आणि मला अकरा कामगार कमी करावे लागले. जमाखर्च पाहणारे आमचे वयोवृद्ध काका तेव्हा मला म्हणाले, “साहेब, त्यांची बिले उशिरा येऊ लागली होती. मी दोनदा सांगायला आलो. पण दोन्ही वेळा तुम्ही घड्याळाकडे पाहिलेत.”

घड्याळ मीच हाती धरले होते, पण ते मला टोचण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला गप्प करण्यासाठी. ज्या राजाची भेट दुर्लभ होते, त्याच्याकडून निकटवर्ती कार्याकार्याचा विपर्यास करवितात, असे कौटिल्य सांगतो. माझ्या अविचाराची किंमत अकरा कुटुंबांनी मोजली. त्यांतील सात जणांना पुढे परत घेता आले. चौघांना नाही. ती चार नावे माझ्या टेबलाच्या खणात आजही आहेत.

करण्याजोगे

शेवटी तीनच गोष्टी सांगतो. पहिली, पंधरा दिवस आपला वेळ कोठे जातो ते प्रत्यक्ष लिहून काढा. पीटर ड्रकर यांनी १९६७ साली कार्यक्षम अधिकाऱ्यांसाठी हेच सांगितले होते. आठवणीवर विसंबू नका. आपली आठवण आपलीच बाजू घेते. दुसरी, जिचा पगार, कंत्राट वा नातेसंबंध आपल्या मर्जीवर अवलंबून नाही, अशी एक व्यक्ती निवडा आणि महिन्यातून एकदा तिच्यासमोर मोकळेपणाने बसा. ती शुल्क घेणारी असो वा शाखेतील जुना सहकारी असो. तिसरी, ज्याचे बोलणे आपल्याला रुचत नाही, त्याच्यासाठी आठवड्यातला अर्धा तास राखून ठेवा आणि त्या वेळी घड्याळ काढून ठेवा.

संघटनेच्या कामात वाढलेल्यांना हे नवे नाही. प्रवासात घरी मुक्कामाला आलेला ज्येष्ठ कार्यकर्ता रात्री जेवणानंतर सहज दोन प्रश्न विचारी आणि आपण अंतर्मुख होत असू. तो हक्क आपण कारखान्याच्या फाटकाशी थांबवला. तो आत येऊ द्यावा. उद्योग ही केवळ आपली मालमत्ता नसून अनेक चुलींचा विश्वास आहे. तो रथ हाकताना सारथ्याचे ऐकण्यात कमीपणा कसला?