निवडुंग खा, पण गोळी सोडू नका
(दिंद्रुड येथील बैठकीत केलेलं बोलणं)



सध्या गावोगाव एकच ऐकू येतं, निवडुंगाचा रस प्या, शुगर जाते. आपल्यातल्या काहींनी गोळ्याच बंद केल्या. म्हणून आज यावर बोलतोय.

आपण निवडुंग म्हणतो ती झाडं दोन तऱ्हेची. एक फड्या. चपटे जाड फड, लाल बोंडं. ही बोंडं आपण लहानपणापासून खातो. दुसरी तऱ्हा म्हणजे थोर, शेर, त्रिधारी. तोडलं की पांढरा चीक गळतो. तो विषारी, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पांढरा चीक दिसला की ते झाड खायचं नाही.

फड्या मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत कोवळ्या फडांची काटे काढून भाजी करतात. तिथल्या शुगरच्या मोजक्या रुग्णांना न्याहारीबरोबर ३०० ग्रॅम वाफवलेला निवडुंग दिला, तर खाल्ल्यावर साखर कमी चढली. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. कारण साधं आहे. भेंडीसारखा बुळबुळीतपणा आणि चोथा, यामुळं साखर रक्तात हळू उतरते. पण रोग बरा झाला, असं त्यात कुठंच नाही. शिवाय ती जात वेगळी, आपल्या बांधावरचा फड्या तिच्या कुळातला एवढंच. आणि रस गाळला की चोथा जातोच.

गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून रस पिला, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर माणूस शुद्धीत असताना लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा.

कोयत्यावर जाताना गावचा दवाखाना मागं राहतो, गोळ्या तुटतात, मग असला रस जवळचा वाटतो. म्हणून निघण्याआधी शुगर तपासा, गोळ्या घ्या, डॉक्टरचा कागद सोबत ठेवा.

भाजी म्हणून फड्या खायचा तर डॉक्टरला सांगून खा. आणि जंगलातला पाला, कंद, औषधी झाडं गोळा करायचा, विकायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं आपल्याला दिलाय. ग्रामसभेत दावा टाका. ज्वारी-बाजरीची भाकर ताटात हवी तर जमीन नावावर पाहिजे. गोळीही सोडायची नाही, जमीनही सोडायची नाही.