पोटऱ्यांची साक्ष
(अमरावती येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी पत्रिकेवर ‘स्नायुक्षय आणि प्रथिनांचा विपर्यास’ असा भारदस्त विषय छापला आहे. परंतु ज्यांनी मला पूर्वी ऐकले आहे त्यांना ठाऊकच आहे की, विषय कोणताही दिला तरी मी अखेरीस सीपीके नावाच्या रक्ततपासणीवर येऊन थांबतो. (हशा) आजही थांबणार आहे.

पेशी, गुणसूत्रे, जनुके ही आपण शाळेत शिकला आहात. त्यांची उजळणी करीत नाही. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने 1868 मध्ये स्नायुक्षयाच्या ज्या रोगाचे सविस्तर वर्णन केले, त्याचे मूळ हाती लागण्यास 1987 साल उजाडावे लागले. त्या वर्षी बोस्टनमध्ये हॉफमन, कुंकेल प्रभृतींनी ‘डिस्ट्रोफिन’ हे प्रथिन हुडकले. 3685 अमिनो आम्लांची ही साखळी स्नायुपेशीच्या आतील तंतूंना तिच्या आवरणाशी जखडून ठेवते. कापसाच्या गाठीच्या पट्ट्या तोडल्या तर जी अवस्था होईल तीच या प्रथिनावाचून पेशीची होते. प्रत्येक हालचालीसरशी आवरण फाटते आणि आतील द्रव्ये रक्तात उतरतात. या प्रथिनाच्या जनुकाचा मोठा तुकडा गळूनही उरलेल्या अक्षरांचे तीन-तीनांनी होणारे वाचन अबाधित राहिले, तर आखूड का होईना प्रथिन बनते आणि रोग ‘बेकर’ या सौम्य रूपात येतो. एकच अक्षर गळून ते वाचन विस्कटले, तर प्रथिन जवळजवळ बनतच नाही, आणि इलाजावाचून बहुतेक मुले बाराव्या वर्षाच्या सुमारास चाकाच्या खुर्चीवर येतात.

आता या ड्यूशेन रोगाची एक हकिगत थोडक्यात सांगतो. दर्यापूरकडील एक आजोबा पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आले. पोर जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत वर चढत होते. आजोबांची नजर मात्र खाली. “डॉक्टरसाहेब, पोट्ट्याच्या पोटऱ्या पाहा ना बाप्पा, पैलवानावानी हायेत!” आणि का म्हणू नये? ज्या गावी वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले, ज्या मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविले, त्या अमरावतीच्या मुलुखात पोटरीला मान मिळायचाच. पण त्या पोटऱ्या बळाने नव्हे, चरबी आणि तंतुमय ऊतींनी फुगल्या होत्या. आजोबा नातवाकडून रोज बैठका काढून घेत. बसताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंत प्रत्येक बैठकीसरशी आवरण आणखी फाटत होते. व्यायाम मंडळाच्या सभासदांनी रागावू नये. निरोगी शरीरास बैठकांसारखे औषध नाही!

आजोबांच्या पिशवीत पूर्वीच्या तपासणीचे कागद निघाले. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले, म्हणून कित्येक महिने यकृताचा इलाज चाललेला, पुढे कावीळ उतरविण्याचा मंत्रही झालेला. यकृत बिचारे निर्दोष. ही द्रव्ये स्नायूंतूनही सांडतात, आणि त्याचा जाब विचारायचा तर रक्तातील सीपीके हे स्नायूंचे द्रव्य तपासावे. ते सामान्याच्या दहापट, शंभरपटही निघते. या एकाच तपासणीचे वकीलपत्र मी घेतले आहे, असे माझे स्नेही म्हणतात. घेतले आहे!

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले, म्हणून आवरते घेतो. स्नायुक्षय एकट्या ड्यूशेनचाच नसतो. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अग्रवाल समाजात पूर्वजांपासून उतरलेले कॅल्पेन या स्नायूंतील प्रथिनाचे दोष दाखविले. अकोल्याहून आलेल्या अग्रवाल मंडळींनी मनास लावून घेऊ नये; बेटीव्यवहार आपसांतच ठेवणाऱ्या कोणत्याही जातीस असा वारसा चुकत नाही. ड्यूशेन रोग झालेल्या मुलाच्या आईला दोष देणाऱ्यांनीही ऐकावे, की सुमारे तृतीयांश मुलांत दोष नव्यानेच उपजतो.

स्टिरॉइडने चालणे काही वर्षे टिकते, 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचा दाखलाही मिळतो. पण निदान झाले तरच. म्हणून दीड वर्षाचा होऊनही न चालणारा मुलगा आणि डोळे पिवळे नसता एसजीपीटी वाढलेला मुलगा यांची सीपीके तपासणी प्रथम करावी. प्रश्न लेखी द्यावेत. यकृताविषयी असतील, तर सीपीकेचा कागद सोबत जोडावा. (हशा, टाळ्या)