जिच्यात कुणी मरत नाही अशी गोष्ट



आमच्या सल्ला केंद्रात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वीस वर्षं त्या मैत्रिणीबरोबर संसार करताहेत. जाताना म्हणाल्या, "आमच्यासारख्या दोघींची गोष्ट सांगा, जिच्यात कुणी मरत नाही." मला आठवलं तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' (१९८१). त्यात मित्रा मरतेच.

इंग्रजीत मात्र तशा कादंबऱ्या आहेत. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५२ मध्ये 'द प्राइस ऑफ सॉल्ट' टोपणनावाने लिहिली. तिच्यात दोघी शेवटी एकमेकींकडे परततात, हेच त्या काळी नवल! जेन रूलच्या 'मेमरी बोर्ड'मधल्या (१९८७) दोघी तर म्हाताऱ्या आहेत. एकीला विस्मरण होतं, दुसरी तिच्यासाठी दिवसभराची कामं पाटीवर लिहून ठेवते.

प्रेमकथा बायकांना भुलवतात, असं आपण म्हणत आलो. ते खोटं नाही. पण पन्नाशीनंतर बाई कुणाची सासू, कुणाची आजी होते. नायिका कधीच नाही. तिला घर, चहा, सोबत देणारी गोष्ट म्हणजे नुसता विरंगुळा कसा? २०१८ मध्ये असं प्रेम गुन्हा राहिलं नाही; पण २०२३ मध्ये न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. मग दवाखान्यात सही कोणी करायची?

बाईंना मी पाटीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गोळ्यांची वेळ मी लिहिते."

ही गोष्ट मराठीत कोण लिहिणार?