कीडनियंत्रणाचा धंदा : आरंभ कसा करावा?



या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास आणि साहित्य यांवर व्याख्याने होतात. आज मात्र तुम्हांला झुरळे, ढेकूण, वाळवी आणि उंदीर यांच्या संगतीत घटकाभर बसावयाचे आहे. चालकांची अपेक्षा होती की मी बोनस किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलेन. परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. आमच्या युनियनच्या कचेरीत अधूनमधून एखादा तरुण येतो आणि म्हणतो, "काका, नोकरी मिळत नाही. पेस्ट कंट्रोलचा धंदा काढू का? एक पंप आणि दोन डबे औषध, एवढेच तर लागते." त्या तरुणाला द्यावयाचे उत्तर आज मी तुम्हां सर्वांसमोर देत आहे, कारण तुमच्यांपैकी पुष्कळांच्या घरी तो उद्या पंप घेऊन येणार आहे.

माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांचे काम गेले ते परत आले नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे चार वर्षे मी एका कंपनीत पाठीवर पंप घेऊन घरे, खानावळी आणि गोदामे फवारली. मग युनियनमध्ये आलो. जे काही वाचले ते वाचनालयात, आणि त्याआधी औषधांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, शब्दकोश जवळ घेऊन.

हा धंदा हलका आहे असे कोणी समजू नये. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, तेव्हा तेथल्या धान्याच्या वखारींत आधी उंदीर मरून पडत होते. पुढल्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. १८९८ साली कराचीत सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की रोग उंदराच्या पिसवेतून माणसाकडे येतो. म्हणजे ज्याला आपण 'उंदीर मारणारा' म्हणून नाक मुरडतो, तो वस्तुतः डॉक्टरच्या आधी येऊन गेलेला डॉक्टर असतो. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची पुन्हा आवई उठली, तेव्हा ज्या कामगारांना एरवी मागच्या जिन्याने बोलावीत, त्यांना लोक पुढच्या दाराने आत घेऊ लागले. भीती ओसरली, आणि पुन्हा मागचा जिना आला!

आता आरंभाचा विचार करू. पहिली पायरी औषधाची नाही, प्राण्याच्या ओळखीची आहे. स्वयंपाकघरातले लहान तपकिरी झुरळ घ्या. त्याची मादी अंड्यांची पिशवी पिले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत अंगाशी बाळगते, आणि एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. तुम्ही ओट्यावर फवारा मारला तर समोरची मेली, फटीतली राहिली. म्हणून बिजागरीत आणि कपाटाच्या कोपऱ्यांत जेलचे बारीक थेंब ठेवणारा कारागीर घरभर वास सोडणाऱ्यापेक्षा अधिक जाणता. ढेकणांची अंडी फवाऱ्याला सहसा दाद देत नाहीत. तेव्हा पंधरा दिवसांनी दुसरी खेप केलीच पाहिजे, आणि तिचे पैसे आधीच्या भावात धरले पाहिजेत. उंदीर तर नव्या वस्तूला बिचकतो. झिंक फॉस्फाइड घालावयाचे तर आधी दोन-तीन दिवस साध्या पिठाच्या गोळ्या ठेवून त्याचा विश्वास संपादन करावा लागतो. निवडणुकीतल्या उमेदवाराला हे शिकवावे लागत नाही; पण नवा कारागीर हटकून विसरतो.

दुसरी पायरी हिशेबाची. घर बांधण्यापूर्वी वाळवीचा बंदोबस्त करावयाचा तर भारतीय मानक ६३१३ प्रमाणे जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण पडले पाहिजे. शंभर चौरस मीटरचे जोते असेल तर ५०० लिटर झाले. क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचे असेल आणि द्रावण १ टक्क्याचे हवे असेल, तर एक लिटर औषधात एकोणीस लिटर पाणी, म्हणजे या जोत्याला २५ लिटर औषध. आता पंधरा लिटरचा एकच पंप घेऊन अर्ध्या तासात काम आटोपणारा आणि वर दहा वर्षांची हमी लिहून देणारा इसम काय विकतो ते तुम्हीच ओळखा. धंदा सुरू करणाऱ्याने भाव सांगताना हा हिशेब गिऱ्हाइकापुढे कागदावर मांडावा. स्वस्त भावाशी झुंजण्याचे दुसरे प्रामाणिक हत्यार मला ठाऊक नाही.

तिसरी पायरी परवान्याची. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्यासाठी जाणकार म्हणून शेतकीचा किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञानाचा पदवीधर लागतो, आणि त्याने मान्य संस्थेत किमान पंधरा दिवसांचे शिक्षण घेतलेले असावे लागते. म्हैसूर, हापूर आणि हैदराबाद येथे अशा संस्था आहेत. जो पदवीधर नाही त्याने निराश होऊ नये. त्याने आधी दोन-तीन वर्षे चांगल्या ठिकाणी कारागिरी करावी आणि मग पदवीधर भागीदार शोधावा.

परंतु येथेच माझे खरे दुखणे आहे. पुष्कळ ठिकाणी पदवीधराचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि पंप नववी सुटलेल्या पोराच्या पाठीवर असतो. विष हाताळतो एक, शिकलेला असतो दुसरा. मी ते पोर होतो.

एका खानावळीत मी आणि माझा जोडीदार रात्री फवारीत होतो. पंपाची तोटी तुंबली. त्याने ती काढून तोंडाने फुंकली. आम्ही सगळेच तसे करीत असू, कारण तसे करू नये हे कोणी सांगितले नव्हते. अर्ध्या तासात त्याला घाम सुटला, तोंडातून लाळ वाहू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "औषध कोणते?" आमच्याजवळ चिठ्ठी नसलेला प्लास्टिकचा डबा. मूळ डबा मी गोदामात पाहिला होता आणि त्यावरचे डायक्लोरव्हॉस हे नाव मला पाठ होते. पण मालकाची ताकीद होती, औषधाचे नाव बाहेर फुटले तर कामावरून काढीन. मी म्हणालो, "माहीत नाही." दहा मिनिटांनी मला माझीच लाज वाटली आणि मी नाव सांगितले. डॉक्टर तोवर लक्षणांवरून उपचार करीतच होते. जोडीदार वाचला. त्याने मला कधी बोल लावला नाही. त्याला ते माहीतही नव्हते. त्या दहा मिनिटांचा हिशेब मात्र माझ्याकडे आजही शिल्लक आहे. मी युनियनमध्ये का गेलो असे कोणी विचारले की मी सिद्धान्त सांगतो. पण खरे कारण ती दहा मिनिटे.

त्या औषधावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. पण औषधे बदलली तरी माणसे फारशी बदलत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे.

म्हणून नव्या धंदेवाल्याने भांडवलातला पहिला रुपया हातमोजे, चष्मा, बूट आणि मुखवटा यांवर घालावा. हे उपकार नव्हेत. नियमांत लिहिलेले आहे. कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे दर वर्षी कामगाराची वैद्यकीय तपासणी हवी, हेही नियमांत आहे. कामगाराला सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, हेही आहे. औषध मूळ डब्यातच राहावे. डब्यावरचा त्रिकोण प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. धान्याला धुरी देण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत; तिचा वायू भिंतीच्या फटीतून शेजाऱ्याच्या खोलीत जातो आणि त्यावर उतारा नाही. दहा माणसे कामाला झाली की राज्य विमा योजना आणि वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी, हे आधीच भावात धरून चालावे.

आणि तुम्ही गृहस्थहो, तुमच्याकडेही काम आहे. पंपवाला दारात आला की त्याला तीन गोष्टी विचारा: परवाना कोणाचा, औषधाचे नाव काय, आणि तुझे हातमोजे कुठे आहेत? पहिले दोन प्रश्न तुमच्या मुलांसाठी आहेत, तिसरा त्याच्या मुलांसाठी. ज्या दिवशी गिऱ्हाईक हा तिसरा प्रश्न विचारू लागेल, त्या दिवशी माझ्यासारख्याचे निम्मे काम हलके होईल.

तेव्हा, "धंदा काढू का?" असे विचारणाऱ्या तरुणाला माझे उत्तर असे: अवश्य काढ. कीड संपणार नाही, म्हणून काम संपणार नाही. मात्र आधी सहा महिने स्वतः पंप पाठीवर घे. आणि पुढे जेव्हा तो दुसऱ्याच्या पाठीवर देशील, तेव्हा त्याचे ओझे किती ते विसरू नकोस.