तालमीतला गैरहजर नट

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कलाशाखेचा विद्यार्थी. यंत्रांविषयी आपल्यासमोर बोलणे हे धाडसच. परंतु विषय तालमीचा आहे, आणि नाटकाच्या तालमी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एखादा नट आला नाही, तर त्याची वाक्ये दुसरा कोणी वाचतो आणि तालीम पुढे जाते.

कारखान्यात आज हेच करता येते. स्वयंचलित यंत्रांचा मेंदू म्हणजे पीएलसी हा नियंत्रक. पुष्कळ ठिकाणी यंत्रे बसल्यावरच त्याची आज्ञावली तपासतात आणि तिच्यातील चुका चालू यंत्रावर उघड होतात. त्याऐवजी खरा नियंत्रक टेबलावर ठेवायचा, संगणकाला जोडायचा आणि प्रेस, कन्व्हेयर, सेन्सर या सर्वांच्या भूमिका संगणकाने वठवायच्या. नियंत्रकाने पट्टा सुरू करण्याची आज्ञा दिली, की ‘वस्तू पुढे आली’ असा संकेत संगणक पाठवतो. नियंत्रकाची एक फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते. उत्तरही त्याच वेगाने यावे लागते, अन्यथा तालीम खोटी. या पद्धतीला ‘हार्डवेअर-इन-द-लूप’ म्हणतात.

यात वेळ वाचतो हे खरेच. पण माझ्या मते मोठा लाभ वेगळा आहे. प्रेस खाली येत असताना संरक्षक दार उघडले तर? सेन्सर बिघडून सतत ‘सर्व ठीक’ सांगत राहिला तर? काम अर्ध्यावर असताना वीज जाऊन परत आली तर? खऱ्या प्रेसवर असले प्रयोग कोण करील? तेथे कामगाराची बोटे असतात. टेबलावर ते शंभर वेळा करता येतात.

मात्र खरे काय ठेवायचे आणि सोंग कशाचे घ्यायचे, हे ठरवण्यातच सारी कसोटी आहे. याचे फार महागडे उदाहरण कारखान्याबाहेरचे आहे. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियान-5 अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. दिशा व वेग सांगणाऱ्या उपकरणाची आज्ञावली एरियान-4 वरून आणलेली होती. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. तो आकडा 16 बिटांच्या जागेत मावेना आणि उपकरण बंद पडले. जमिनीवर तालमी झाल्या होत्या. पण त्यांत हे उपकरण खरे नव्हते, संगणकातली त्याची प्रतिकृती होती. ते आधीच सिद्ध झाले आहे, असे सर्वांनी धरले होते. जो नट अडखळणार होता तोच गैरहजर, आणि बदली नटाने वाक्ये बिनचूक म्हटली! खरे उपकरण तालमीत असते, तर दोष सापडला असता, असे चौकशी मंडळाच्या अहवालावरून दिसते.

आपल्यापैकी कोणी नवी यंत्रे घेणार असेल, तर पुरवठादाराला अवश्य विचारावे की, चाचणीत कोणता भाग खरा होता आणि कोणता संगणकातला? आणि यंत्र बसल्यावर, पहिला कामगार उभा राहण्यापूर्वी, आपत्कालीन थांब्याचे लाल बटण मालकाने स्वतः दाबून पाहावे.