घाणीच्या तोंडावर बोट ठेवा

(सामूहिक वनहक्काच्या तालुका मेळाव्यात आपल्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं भाषण. वस्त्यांवर मोठ्यानं वाचून दाखवता यावं म्हणून बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



माझ्या आयाबायांनो, बापलोकांनो आणि मागं उभ्या राहिलेल्या पोरांनो,

सकाळपासून जमिनीवर बोलणं चाललंय. किती दावे टाकले, किती नामंजूर झाले, मोजणी कधी होणार. ते बोलायलाच पाहिजे. मला पाण्यावर बोलायला सांगितलंय. काही जण म्हणतील, आधी कागद तर हातात येऊ दे, पाण्याचं मागून बघू. मी म्हणते, कागद हातात आला आन् खालची विहीर नासली, तर त्या जमिनीत पेरायचं काय आणि जित्राबाला पाजायचं काय? जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क एकाच बैलगाडीची दोन चाकं आहेत.

पाण्यात घाण दोन तऱ्हेनं येते. एक घाण चहूकडून येते. पाऊस पडला, रानातलं खत, माती, शेण, फवारणीचं औषध वाहून ओढ्यात आलं. ती कोणाची, हे सांगता येत नाही. थोडी याची, थोडी त्याची, थोडी आपली बी.

दुसरी घाण एका तोंडातून येते. पाइप असतो, नाली असते, चर असतो. तिथं उभं राहून बोट दाखवता येतं की ही घाण इथून पडते. आता नीट ऐका. ज्या घाणीला तोंड असतं, तिला मालक असतो. मालक असला की त्याला दिलेला सरकारी कागद असतो, आणि त्या कागदावर मर्यादा लिहिलेली असते. म्हणून ही घाण अडवता येते. आजचं माझं सगळं बोलणं ह्या एका गोष्टीवर आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात अशी तोंडं कुठं आहेत? तीन सांगते.

पहिलं, शहराचं गटार. बिंदुसरा आपल्याच बालाघाटाच्या डोंगरात उगवते. पालीच्या धरणापर्यंत ती नदी असते, बीड शहरातून पुढं निघते तेव्हा तिच्यात शहराचं सांडपाणी असतं. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या नासलेल्या नदीपट्ट्यांची यादी केली. ३५१ पट्टे निघाले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्या यादीत बिंदुसरेचं नाव आहे. ही घाण शुद्ध करूनच सोडायची जबाबदारी नगरपालिकेची. आणि रानात राहणारे लोक पाणी घाण करतात, असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला बीडच्या पुलावर घेऊन जा.

दुसरं तोंड परळीचं. तिथं १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख लई. १०० किलो कोळसा जाळला की ३० ते ४० किलो राख उरते. ती राख पाण्यात कालवून पाइपानं तळ्यात नेऊन टाकतात. दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या लोकांना ती राख काय असते ते विचारा. वाळली की वाऱ्यानं ताटात येते, आणि तळ्याचा तळ कच्चा असला की पाणी जमिनीत मुरतं. राखेत शिसं, आर्सेनिक असे जड धातू बारीक प्रमाणात असतात. यावर उपाय काय, हे कायद्यात आणि नियमात लिहिलेलं आहे. तळ पक्का करा, बांध मजबूत ठेवा, तळ्यातलं पाणी परत आत फिरवा, राख विटांना आणि सिमेंटला द्या. नवं काही शोधायचं नाही, लिहिलेलं करायचं आहे.

तिसरं तोंड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. साखर कारखाना आणि त्याची डिस्टिलरी. दिवाळी झाली की आपल्या वस्त्या रिकाम्या होतात. म्हातारी माणसं आणि कुलूप मागं राहतं. मी बी आईबापासंगं टोळीवर गेलेली आहे. एका कारखान्याच्या खालच्या अंगाला आमच्या कोप्या होत्या. ओढ्याचं पाणी काकवीच्या रंगाचं, वर फेस, आंबूस वास. बैल तोंड लावून मागं सरायचे. आम्ही काठाला झिरा उकरून घागर भरायचो, त्याला बी तोच वास. आई मुकादमाला बोलली, तर तो म्हणाला, "उचल फेडायची का कारखान्याशी भांडायचं?" ऊस आपुन तोडायचा, त्याची साखर दुसऱ्याच्या चहात आणि त्याचं पाणी आपल्या घागरीत!

आता ते पाणी नासतं कसं, हे समजून घ्या. साखर काय विष नाही. पण साखरेचं, मळीचं पाणी ओढ्यात गेलं की त्यावर बारीक जीवजंतू तुटून पडतात. ते खाताना पाण्यातली प्राणवायू शोषून घेतात. मग माशाला श्वास मिळत नाही. कोल्हापूरकडं पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच कितीदा पेपरात आला, तो असाच. पाण्यातली घाण खाऊन संपवायला किती प्राणवायू लागेल, ते मोजायच्या मापाला बीओडी म्हणतात. हा शब्द पाठ करा, साहेबापुढं कामाला येतो. कारखान्यानं नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, जमिनीवर सोडायच्या पाण्यात १०० च्या आत. आणि डिस्टिलरीतून निघणारं कच्चं सांडपाणी, ज्याला स्पेंट वॉश म्हणतात, त्याचं माप ४० हजाराच्या वर असतं. म्हणजे त्याच्या एका घागरीला हजारावर घागरी चांगलं पाणी मिसळलं, तरी ते मर्यादेत येईना.

म्हणून डिस्टिलरीला एक थेंब बी बाहेर सोडायची परवानगी नाही. आधी बंद टाकीत कुजवून गॅस काढायचा, मग आटवायचं, उरलेलं भट्टीत जाळायचं नाहीतर कारखान्याच्या मळीत कालवून पक्क्या ओट्यावर खत करायचं. साखर कारखान्याला २०१६ च्या नियमानं एक टन उसामागं २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडता येत नाही, आणि ते बी शुद्ध करून. दिवसाला ५ हजार टन गाळणारा कारखाना असला, तर १० लाख लिटरच्या वर नाही. हिशोब सोपा आहे, आपली शाळेतली पोरं करतील. मोठ्या प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना सांडपाण्यावर चोवीस तास चालणारी मापयंत्रं बसवायला २०१४ साली सांगितलेलं आहे.

मग एवढे नियम असून ओढा काळा का? कारण यंत्र चालवायला वीज लागते, औषध लागतं, माणूस लागतो. रात्री चर फोडला तर फुकटात काम होतं. पहिला मोठा पाऊस आला की साठवलेलं सोडून दिलं, पुरात कोण ओळखतो? नियम कागदावर आणि पहारा कुठंच नाही. तो पहारा आपल्याला करायचा आहे.

कसा? ह्या पाच गोष्टी लिहून घ्या.

१) तोंड शोधा. ओढ्याच्या काठानं वर चालत जा. पाणी जिथं बदलतं, त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडचे फोटो घ्या. तारीख, वेळ, वास, रंग, मेलेले मासे वहीत लिहा.

२) विहिरीचं पाणी तपासा. ग्रामपंचायतीकडं तपासणीची पेटी आणि शिकवलेल्या बाया असायला पाहिजेत. त्या पेटीतून बीओडी कळत नाही. पण पाणी आंबट झालं का, क्षार वाढले का, एवढं कळतं. नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा आणि उत्तर लेखी मागा.

३) प्रदूषण मंडळाला बोलवा. आपुन बाटली भरून नेली तर कोर्टात ती टिकत नाही. १९७४ च्या पाणी कायद्यात लिहिलंय, नमुना मंडळाच्या माणसानं घ्यायचा, मालकाला सांगून, सील करून, सही घेऊन. तो आला की पंचनाम्याला आपले दोन माणसं उभे राहिले पाहिजेत. विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. घाण थांबत नसली तर कारखाना बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा हुकूम काढायची ताकद मंडळाला आहे.

४) कागद मागा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्याला ते बी नाहीत. कारखान्याचं संमतीपत्र आणि आजवरच्या नमुन्यांचे निकाल मागा. संमतीपत्रात किती पाणी, कुठं आणि कोणत्या मापानं सोडायचं, सगळं लिहिलेलं असतं. तो कागद म्हणजे मालकाच्या घाणीचा सातबारा.

५) ठराव घ्या. आपला जिल्हा पेसात येत नाही, म्हणून कोणी म्हणेल की तुम्हाला अधिकार नाही. खोटं आहे. २००६ चा वनहक्क कायदा पेसाच्या बाहेर बी लागू आहे. त्याच्या कलम ५ मध्ये पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. आणखी एक. आदिवासी किंवा दलित जे पाणी रोज वापरतात ते बिगर आदिवासी, बिगर दलित माणसानं घाण करणं, हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. हे पुष्कळ ठाणेदारांना बी माहीत नसतं. तुम्ही सांगा.

आता तुमच्या पोटातली भीती मला माहीत आहे. तक्रार केली तर पुढच्या साली उचल मिळायची नाही. दाव्याची फाइल खाली दाबतील. ही भीती खोटी नाही. एकट्याचं नाव अर्जावर गेलं, तर त्याला एकटा गाठतात. म्हणून अर्ज कोणाच्या नावानं द्यायचा नाही, ठराव द्यायचा. त्यावर सगळ्या वस्तीच्या सह्या आणि अंगठे. मुकादम एका जोडीला टाळू शकतो. सगळ्या वस्त्यांनी कोयता खाली ठेवला तर ऊस तोडायला मालक स्वतः येणार आहे का?

मांजरा आपल्या पाटोद्याच्या डोंगरात उगवते आणि पार तेलंगणात जाते. वरच्या अंगाला आपुन राहतो. इथलं पाणी राखलं तर खालची गावं बी पितात. गेल्या कित्येक पिढ्या हे रान आपुन राखलं, तेव्हा कोणी पगार दिला नाही. आता निदान ते नासवणाऱ्याला जाब विचारायचा हक्क तरी वापरू.

जेवणाच्या आधी हात वर करून सांगा. पावसाळ्याच्या आत प्रत्येक वस्ती आपल्या ओढ्याच्या काठानं वर चालत जाईल का? वही घेऊन, बाया पुढं, पोरं संगं? ज्या वस्तीला तोंड सापडेल, तिनं पुढच्या बैठकीला ठराव घेऊन यायचं. बाकीच्या वस्त्यांनी त्यावर सह्या करायच्या, त्यांच्या ओढ्याला घाण नसली तरी.

जल, जंगल, जमीन, आमच्या हक्काची!
जोहार!