रन भरपूर, पण चेंडू किती खाल्ले? रहाणेच्या ट्रेडचा हिशोब

आवाज जरा बसलाय, समजून घ्या. कालच गावाकडून आलो आणि तिकडं तीन रात्री भांडण्यात गेल्या. भांडण शेताच्या बांधाचं नव्हतं, क्रिकेटचं होतं. आमच्या बीड जिल्ह्यात दोन्हीला सारखाच वेळ लागतो.

तर झालं असं. गावात आठ ओव्हरचं टेनिस बॉलचं मैदान भरणारंय. आमच्या टीमचा ओपनर माझा मावसभाऊ. मागच्या वर्षी सगळ्यात जास्त रन त्याचेच. आता शेजारच्या गावच्या टीमनं निरोप धाडला, तुमचा ओपनर आम्हाला द्या, बदल्यात आमची दोन पोरं घ्या. एक खाली येऊन मारणारा, वर दोन ओव्हर टाकणारा. दुसरा कीपर. झालं, पारावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणती, सगळ्यात जास्त रनवाला कुणी सोडतं का? दुसरी म्हणती, अरे पण चेंडू किती खातो ते बघा की.

मी स्कोअरची वही काढली. सवय आहे, नोकरीच तसली. त्याची एक मोठी खेळी होती, २७ चेंडूंत ३८. कागदावर भारी. पण आठ ओव्हरचे चेंडू असतात ४८. आमच्या मैदानावर जिंकायला ८० तरी लागतात. म्हणजे उरलेल्या २१ चेंडूंत बाकीच्यांनी ४२ काढायचे, चेंडूला दोन. ती मॅच आम्ही हरलो होतो आणि शिव्या खाल्ल्या खालच्या पोरांनी.

ऑफिसात एक हैदराबादचा दोस्त आहे, एनबीएवाला. त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणला, आमच्यात हे भांडण अॅलन आयव्हरसनपासून चालू आहे. २००१-०२ मध्ये आयव्हरसन मॅचमागे ३१.४ पॉइंट काढत होता, अख्ख्या लीगमध्ये पहिला. पण त्याचे शंभरातले चाळीस शॉटसुद्धा आत जात नव्हते. बॉल एकच असतो, त्यानं मारला म्हणजे दुसऱ्याला मिळाला नाही. डिसेंबर २००६ मध्ये फिलाडेल्फियानं त्याला डेन्व्हरला दिला, बदल्यात दोन खेळाडू आणि ड्राफ्टचे दोन पहिल्या फेरीचे हक्क घेतले. फायदा कुणाचा झाला यावर लोक अजून रात्र काढतात म्हणे.

मी म्हणलं, बाबा, आमच्याकडं पण एक आहे. अजिंक्य रहाणे.

आता रहाणे म्हणलं की मराठी माणूस हळवा होतो. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत. अहिल्यानगर जिल्हा आम्हाला लागूनच, म्हणून आमच्याकडं तर त्याला पाहुण्यातलाच समजतात. आयपीएलमध्ये त्यानं रन कमी काढले असं कुणी म्हणूच शकत नाही. २०१२ ला ५६०, २०१५ ला ५४०, दोन्ही राजस्थान रॉयल्सकडून. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थाननं त्याला दिल्लीला दिला आणि बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया घेतले. तेव्हा मी लई चिडलो होतो. एवढा मोठा खेळाडू आणि बदल्यात हे दोघं? व्हॉट्सअॅपवर मी काय काय लिहिलं होतं ते परवा परत वाचलं, लाज वाटली.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोक म्हणतात, स्लो होता म्हणून काढला. २०१८ पुरतं हे खरं धरा. त्या सीझनला ३७० रन, स्ट्राइक रेट ११८ च्या आसपास. म्हणजे साधारण ३१३ चेंडू. तेच चेंडू कुणी १४० नं खेळला असता तर ४३८ झाले असते. फरक ६८ रनांचा, मॅचमागे साडेचार. साडेचार म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण टी-ट्वेंटीत कितीतरी मॅच एका फटक्याच्या फरकानं जातात.

पण २०१९ बघा. रेट १३८ च्या जवळ. एप्रिलमध्ये, सीझन चालू असताना, त्याची कॅप्टनशिप काढून स्टीव्ह स्मिथला दिली. दोनच दिवसांनी, २२ एप्रिलला, जयपूरला दिल्लीविरुद्ध यानं ६३ चेंडूंत नाबाद १०५ ठोकले. राजस्थानचे झाले १९१. आणि हरले! ऋषभ पंतनं ३६ चेंडूंत नाबाद ७८ मारून मॅच नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर मेसेज, बघा, रहाणे शतकासाठी खेळला. अरे, वजाबाकी करा की! १९१ मधून १०५ गेले, राहिले ८६, तेही ५७ चेंडूंत आणि एक्स्ट्रा धरून. म्हणजे त्या दिवशी बाकीच्यांपेक्षा हाच जोरात होता. हरले ते बॉलिंगमुळं.

पुण्यावाल्यांना तर २०१७ ची फायनल आठवत असेल. सॉरी, जखमेवर मीठ चोळायलोय. मुंबईचे १२९, पुण्याला हवे होते १३०, आणि एका रननं गेली. रहाणेचे ३८ चेंडूंत ४४. स्ट्राइक रेट बघून लोक नाक मुरडतात. पण लागत होते ओव्हरला साडेसहा आणि तो जवळपास सातनं खेळत होता! स्लो की फास्ट, हे टार्गेट बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

मग राजस्थाननं दिला कामून? माझं आजचं मत सांगतो. त्यांच्याकडं वरच्या फळीत बटलर होता, सॅमसन होता, स्मिथ होता. वर गर्दी आणि खाली बोंब. सहा-सात नंबरला येऊन मारणारा आणि चार ओव्हर टाकू शकणारा भारतीय खेळाडू बाजारात सापडत नाही, कारण परदेशी चारच खेळवता येतात. वर खेळणारे भारतीय मात्र पायलीला पन्नास. राजस्थाननं त्यांच्याकडं जास्त असलेली वस्तू देऊन नसलेली आणली.

दिल्लीचं गणित मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. त्यांच्याकडं धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर, पंत सगळे वरच खेळणारे, त्यात हा पाचवा. २०२० मध्ये नऊ मॅच, ११३ रन. त्यातले ६० एकाच मॅचमध्ये, बंगळुरूविरुद्ध, प्लेऑफला जायचं होतं त्या दिवशी. टार्गेट होतं १५३, याचे ४६ चेंडू. बरोब्बर त्याच्या मापाची मॅच. तशी रोज थोडीच मिळते.

आणि तेवतिया? २७ सप्टेंबर २०२०, शारजा, पंजाबविरुद्ध २२४ चा पाठलाग. गडी २३ चेंडूंत १७ वर. आमच्या घरी आत्या म्हणली, याला कुणी घेतला रे? मग कॉट्रेलच्या एका ओव्हरमध्ये पाच सिक्स, आणि ३१ चेंडूंत ५३. मॅच जिंकली. गंमत बघा, ज्याच्या बदल्यात आणला त्याच्यापेक्षा तोच त्या दिवशी जास्त स्लो होता, तेविसाव्या चेंडूपर्यंत.

२०२२ च्या लिलावात तेवतियाला गुजरातनं ९ कोटी दिले. रहाणेला कोलकात्यानं १ कोटी. एवढ्यावर मी थांबलो असतो तर मावसभावाची केस तिथंच मिटली होती. मी पारावर तसं बोलूनही गेलो, द्या सोडून त्याला. तो तिथंच बसला होता. काही बोलला नाही, मोबाइल बघत उठून गेला. लहानपणी मला बॅट धरायला त्यानंच शिकवलेलं. रात्री झोप लागली नाही, आणि मग २०२३ आठवलं.

चेन्नईनं रहाणेला घेतला ५० लाखांत, बेस प्राइसला. आधीच्या सीझनला सात मॅचमध्ये १३३ रन, कोण बोली लावणार? ८ एप्रिलला वानखेडेवर मोईन अली आजारी पडला म्हणून याला जागा मिळाली. तिसऱ्या नंबरवर आला आणि १९ चेंडूंत फिफ्टी. मग ईडनवर २९ चेंडूंत नाबाद ७१. अख्ख्या सीझनचा स्ट्राइक रेट १७२! फायनलला १३ चेंडूंत २७, आणि ट्रॉफी. माणूस तोच, पस्तिशीला टेकलेला. फक्त आता इनिंग शेवटपर्यंत वाहून न्यायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. खाली एवढे मारणारे बसलेले, की आऊट झाला तरी कुणी त्याच्याकडं डोळे वटारून बघणार नव्हतं.

राजस्थानचा ट्रेड चुकला असं मी तरीही म्हणणार नाही, त्यांना तेवतियाच हवा होता. पण आम्ही मावसभावाला कधी विचारलं होतं का, की तू सत्तावीस चेंडू कामून खेळतो? सकाळी त्याच्या घरी गेलो आणि विचारलं. म्हणला, "मी गेलो की तुम्ही सगळे पाच ओव्हरमध्ये घरी येता, म्हणून दम धरतो." वही परत उघडली. खरंच, तो लवकर आऊट झालेल्या दोन मॅचमध्ये आम्ही पन्नाशीपण गाठली नव्हती.

इथं बीडच्या सचिन धसची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. फेब्रुवारी २०२४, अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल, ३२ वर ४ आऊट, टार्गेट २४५. सचिनचे ९५ चेंडूंत ९६, अख्ख्या जिल्ह्याला पाठ. पण दुसऱ्या बाजूला उदय सहारन होता, १२४ चेंडूंत ८१. पन्नास ओव्हरचा खेळ वेगळा, मान्य. तरी १७१ ची ती पार्टनरशिप एकट्याची नव्हती.

तर सध्याची स्थिती अशी. शेजारच्या गावाला मी कळवलंय, ओपनर देत नाही, पण तुमचा तो खाली मारणारा असाच पाठवायचा असला तर पाठवा. त्यांनी मला काय उत्तर दिलं ते या पॉडकास्टवर सांगता येणार नाही. मावसभावाला सांगितलंय, तिसऱ्या नंबरवर ये आणि पहिल्या चेंडूपासून फिरव. "आणि आऊट झालो तर?" म्हणला. मी म्हणलं, तर मी आहे ना पाचव्या नंबरवर. त्यावर तो जे हसायला लागला, ते मला फारसं आवडलेलं नाही.

मैदान पुढच्या रविवारी. तुमच्या टीममध्ये असा कोण आहे, ते व्हॉइस नोट करून पाठवा, नाव घेऊ नका फक्त. चला, भेटू.